मदत हवी आहे: तंबूत मुक्काम आणि दुर्बिणीचा घोळ

मंडळी, राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून राहायचं ठरलंय. परवानगी वगैरे झाली, गाडी अडलीय ती दुर्बिणीवर. ८×४२ घ्यावी की १०×४२? (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिमीमधल्या व्यासाचा.)

जनावरं बाहेर पडतात ती झुंजूमुंजू असताना, नाहीतर तिन्हीसांजेला. ८×४२ मधून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत ५.२५ मिमी रुंद, १०×४२ चा ४.२. म्हणजे अंधुक उजेडात पहिली सरस. शिवाय हाताची थरथर कमी जाणवते, चित्रही रुंद. पण पाणवठ्याच्या पलीकडचं जनावर ओळखायला दहापटच लागते, असं सोबतचे छातीठोकपणे सांगतायत. (त्यांनी स्वतः दुर्बीण कधी धरलेली नाही, ते सोडा.) त्यात मला चष्मा. आयकप (डोळ्याकडची रबरी कड) पूर्ण खाली केला तरी कडेचं चित्र कापलं जातं. १५ मिमी आय रिलीफ (डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) पुरतो, की त्याहून जास्तच बघू?

अजून एक. खाणं तंबूत ठेवायचं नाही हे ठाऊक आहे, पण टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन यांच्या वासानंही जनावरं येऊ शकतात. गाडी लांब उभी असेल तर हे सगळं तुम्ही कुठे ठेवता? घट्ट झाकणाच्या डब्यात, की फांदीला टांगून?