प्रतिसाद: पहिल्या सहलीसाठी मांडवा-अलिबाग

पत्नीला पहिल्या सायकल सहलीला कुठे न्यावे, या प्रश्नावर एका प्रतिसादात मुंबई-पुणे मार्गावरचा बोरघाट सुचवला आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. नवशिक्या जोडीदाराचा उत्साह पहिल्याच चढावर मावळतो. त्याऐवजी मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (वाहनेही नेणाऱ्या) बोटीत सायकली चढवून मांडव्याला उतरावे आणि चोंढीमार्गे अलिबागपर्यंतचे सुमारे 20 किलोमीटर अंतर, थकवा जाणवल्यास अलीकडच्या किहीमलाच मुक्काम करण्याची मोकळीक ठेवून, सावकाश पार करावे. शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यावर मोटारींची गर्दी असते, म्हणून मधला वार व सकाळची पहिली बोट निवडावी. वेग जोडीदाराने ठरवावा. सीटची उंची मात्र आदल्या दिवशीच तपासावी. आमच्या पहिल्या सहलीत गुडघे दुखले ते अंतरामुळे नव्हे, तर खाली राहिलेल्या सीटमुळे.