मदत हवी आहे: सेल्स (Cells) लायब्ररीतला ऑब्झर्व्हर एकदाच चालतो, नंतर गप्प

कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सेल्स लायब्ररीत अडकलो आहे (एक किंमत बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं ती आपोआप अद्ययावत करते), एसबीसीएल हा कंपायलर वापरतो. ऑब्जेक्टच्या एका स्लॉटमध्ये (खान्यात) सी-इननं, म्हणजे बाहेरून बदलता येणारा इनपुट सेल म्हणून, व्हेक्टर (घटकांची रांग) ठेवलाय आणि डिफऑब्झर्व्हरनं त्यावर ऑब्झर्व्हर, म्हणजे किंमत बदलली की चालणारा कोड, लावलाय. ऑब्जेक्ट तयार होताना तो चालतो. पुढे व्हेक्टर-पुश-एक्स्टेंडनं घटक वाढवून तोच व्हेक्टर सेटएफनं (किंमत टाकायच्या आज्ञेनं) स्लॉटमध्ये परत टाकला की काहीच होत नाही. एररही नाही.

आधीच्या एखाद्या एररमुळे सगळं थांबलं असेल म्हणून सेल्स-रीसेटनं लायब्ररीची स्थिती कोरी केली, नव्या इमेजमध्ये (नव्यानं सुरू केलेल्या लिस्पमध्ये) चालवलं, फरक शून्य. त्याच पद्धतीनं लिहिलेला आकड्यांचा स्लॉट मात्र व्यवस्थित चालतो, म्हणजे स्लॉटचं नाव किंवा क्लास चुकलेला नाही. कॉपी-सीक्वेन्स करून टाकलं तर ऑब्झर्व्हर लगेच जागा होतो! म्हणजे जुनी-नवी किंमत ईक्यूएलनं (आतले घटक न पाहता वस्तू तीच आहे का हे पाहणाऱ्या तुलनेनं) ताडली जाते आणि वस्तू तीच असल्यानं बदल धरलाच जात नाही, असं माझं मत झालंय.

अडचण अशी की व्हेक्टर मोठा आहे, दर वेळी कॉपी परवडत नाही. स्लॉटच्या अनचेंज्ड-इफ या पर्यायाला (किंमत बदलली नाही असं कधी मानायचं ते तो ठरवतो) कायम निल, म्हणजे ‘नाही’, देणारं फंक्शन दिलं तर ऑब्झर्व्हर चालेल, पण जुनी आणि नवी किंमत एकच वस्तू असेल; मला तर नेमका कोणता घटक वाढला ते हवंय. यासाठी बदलाचा वेगळा इनपुट सेल ठेवून ऑब्झर्व्हर त्यावर लावायचा, की याहून बरा मार्ग आहे?