बाबांचा ब्लॉग: ब्लॉगस्पॉटवरच राहू द्यावा, की स्वतःच्या होस्टिंगवर न्यावा?

कणकवलीकर

बाबा २००८ पासून ब्लॉगस्पॉटवर लिहितात. वायंगणी शेती (पावसाळ्यानंतरचं भात), पटणी-वालयसारखी भाताची जुनी वाणं, दशावतारी कलाकार, गावकीतली भांडणं (नावं बदलून, पण गावात सगळ्यांना कळतं). चारशेच्या वर लेख झालेत. आता त्यांना चौऱ्याहत्तरावं लागलंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर टंकायचं काम माझ्याकडे आलं आणि त्याबरोबर हा प्रश्नही.

माझं मत: हलवावा. स्वतःचं डोमेन (साइटचं नाव), स्वतःचं होस्टिंग (साइट ठेवायला भाड्याची जागा), त्यावर वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर). ब्लॉगस्पॉट २००३ पासून गूगलकडे आहे, आणि गूगलची सवय आपल्याला माहीत आहे. रीडर २०१३ साली गेलं, ऑर्कुट २०१४ साली, गूगल प्लस २०१९ साली. पुढचा नंबर कोणाचा? शिवाय मथळा देवनागरीत असला की तिथे लेखाचा पत्ता होतो ‘ब्लॉग-पोस्ट अंडरस्कोर बारा’. पटणी भातावर बाबांनी महिनाभर खपून लिहिलेला लेख, आणि नाव अंडरस्कोर बारा!

होस्टिंग पहिल्या वर्षी महिना सव्वाशे रुपये, रिन्यूअलला तिप्पट, वर १८ टक्के जीएसटी. तेवढं झेपतं. बाबांचं म्हणणं एवढंच, “माका थय काय त्रास नाय.” विरोधी मतं ऐकायची आहेत.

शेगडीवरून

मी बाबांच्या बाजूने. २०१४ साली मी माझा पाककृतींचा ब्लॉग असाच हौसेने हलवला होता. दोन वर्षं मजेत गेली. मग एक प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं राहिलं, एकच, त्यातून कोणीतरी आत घुसलं आणि गूगलवर शोधलं की माझ्या अळूच्या फतफत्याखाली जपानी भाषेत बुटांच्या जाहिराती. साइट उघडली तर सगळं जागच्या जागी, त्यामुळे तीन आठवडे मला पत्ताच नाही. शेवटी बहिणीने स्क्रीनशॉट पाठवला. होस्टिंगवाल्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, “मॅडम, सर्व्हर आमचा, साइट तुमची.”

अपडेट, बॅकअप, पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) आवृत्ती, कॉमेंटमधला स्पॅम. हे दर महिन्याला तुम्ही करणार आहात का? की बाबांचं लिखाण बाजूला राहून तुम्ही गवंडीकामच करत बसणार?

विरार फास्ट

ताई, गवंडीकाम परवडलं. घरमालकाने कुलूप लावलं तर काय कराल?

जुलै २००६ आठवतोय? लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर काही दिवसांतच सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली. इंटरनेट कंपन्यांनी ती पानं शोधत बसण्यापेक्षा सरळ अख्खं ब्लॉगस्पॉट बंद केलं, सोबत टाइपपॅड आणि जिओसिटीज या तसल्याच सेवाही. त्या ब्लॉगांवर रक्तदात्यांची आणि जखमींची माहिती फिरत होती, नेमक्या त्याच आठवड्यात. शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा अख्ख्या चाळीला.

पुढचं ऐका. जिओसिटीज २००९ साली गेलं. पोस्टरस ट्विटरने २०१२ साली विकत घेतलं आणि २०१३ साली मिटवलं. टाइपपॅड तर फुकटही नव्हतं, लोक दर महिन्याला पैसे भरत होते. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी नोटीस आली आणि ३० सप्टेंबरला दुकान बंद. बावीस वर्षांचं लिखाण उचलायला महिनाभर!

शेगडीवरून

शेजाऱ्याचं पाप शेअर्ड होस्टिंगवर नसतं का? एका सर्व्हरवर शेकडो साइट असतात, आयपी पत्ता (सर्व्हरचा नंबर) एकच, तो अडवला की सगळ्याच अडल्या.

आणि स्वतःचा सर्व्हर म्हणजे अमरपट्टा नव्हे. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळलं. ज्यांनी बॅकअप त्याच आवारात ठेवला होता त्यांचा बॅकअपही जळला. ब्लॉगस्पॉट २००६ ला बंद होतं ते काही दिवस. उघडलं तेव्हा एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

नुक्ता

तुम्ही दोघं भांडा, मी कामाचं बोलतो.

कणकवलीकर, वर्डप्रेसवर मराठी पत्ते मिळतील, पण अर्धवट. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं आणि वर्डप्रेस दोनशे अक्षरांवर कात्री लावतं. म्हणजे बावीस चिन्हं. काना-मात्रा वेगळ्या धरल्या जातात, त्यामुळे ‘वायंगणी शेतीतले बदल’ एवढ्यातच सतरा संपतात. शेवटी सगळे रोमन लिपीत पत्ता टाकतात.

दुसरं: ब्लॉगरची (म्हणजे ब्लॉगस्पॉटचीच) एक्स्पोर्ट फाइल म्हणजे फक्त मजकूर आणि कॉमेंट. फोटो गूगलकडेच राहतात, फाइलमध्ये त्यांचा नुसता दुवा असतो. लोक आनंदाने स्थलांतर करतात, जुना ब्लॉग पुसून टाकतात आणि मग फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी बघत बसतात. तिसरं: पुढे कधी होस्ट बदललात आणि डेटाबेसची (लेख साठवतात त्या कोठाराची) अक्षरसारणी, म्हणजे कॅरॅक्टर सेट, चुकली, तर चारशे लेखांची प्रश्नचिन्हं होतात. इंग्रजी ब्लॉगवाल्याला हे जन्मात कळणार नाही.

माझं मत: फक्त डोमेन घ्या आणि ब्लॉगस्पॉटलाच जोडा. त्याचे वेगळे पैसे गूगल घेत नाही आणि जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो. पुढे खरंच हलायची वेळ आली तर लोकांना माहीत असलेलं नाव तुमच्याच हातात असेल.

विरार फास्ट

डोमेनचं मान्य. पण ‘जुना पत्ता आपोआप वळतो’ हे गूगलच्या मर्जीवर. ब्लॉगस्पॉट डॉट इन हे नाव २०२० साली खुद्द गूगलच्या हातून गेलं. ते पत्ते जिथे जिथे डकवलेले होते तिथले दुवे मेले.

शेगडीवरून

गूगलला स्वतःचं डोमेन सांभाळता आलं नाही, ते कणकवलीकरांना सांभाळता येईल असं तुमचं म्हणणं आहे?

सुमनताई

या विषयावर लिहावं की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्या ह्यांची स्वतःची साइट होती, ट्रेकिंगची. सर्व्हरपासून सगळं स्वतः करायचे, अभिमान होता त्यांना. ते गेले तेव्हा रिन्यूअलचे मेल त्यांच्या इनबॉक्समध्ये येत राहिले. त्यांचं कार्ड बंद केलं होतं. मोबाइल नंबर मीच बंद केला होता, म्हणजे ओटीपी यायचीही सोय नाही. मला काही कळायच्या आत डोमेन सुटलं. आता त्यांच्या नावाच्या पत्त्यावर सट्ट्याची साइट चालते.

त्याआधीचा त्यांचा फुकटातला ब्लॉग मात्र अजून उघडतो. हरिश्चंद्रगडाचे फोटो आहेत, खाली मित्रांच्या चेष्टा आहेत. मी अधूनमधून वाचते. तुम्ही सगळे कंपनी बंद पडेल याची काळजी करताय. आमच्याकडे कंपनी चालू आहे.

नुक्ता

सुमनताई, तुमच्या प्रतिसादानंतर मी आधी माझ्या डोमेन-खात्यात बायकोचा ई-मेल घातला. गूगल खात्यातही ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ अशी सोय आहे, खातं ठरावीक काळ वापरलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळवतात. २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली खाती पुसण्याचं धोरणही आहे, तेव्हा कणकवलीकर, बाबांचं खातं अधूनमधून उघडत राहा.

(अवांतर: वर्डप्रेस डॉट कॉमने २०२३ साली शंभर वर्षांची योजना काढली होती, ३८ हजार डॉलर. तेवढ्यात कणकवलीकर काजूची बाग घेतील.)

विरार फास्ट

सुमनताई, तुमच्यापुढे वाद घालवत नाही. तरीही माझं मत बदललेलं नाही. एक ब्लॉग टिकला त्याच्या मागे टाइपपॅडवरचे किती गेले ते कोणी मोजत नाही. निदान सगळा ब्लॉग पेन ड्राइव्हवर उतरवून दोन घरांत ठेवा. एवढं तरी ऐका.

कणकवलीकर

सगळ्यांचे आभार. होस्टिंग घेत नाही. डोमेन घेतलं, पाच वर्षांचे पैसे एकदम भरले, रिन्यूअलचे मेल मला आणि बहिणीला दोघांना येतील. फोटो उतरवायला घेतलेत, २०११ पर्यंत आलोय. विरारकर, एक पेन ड्राइव्ह बहिणीकडे पनवेलला जाईल.

बाबांना नवीन पत्ता दाखवला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाले, “जुन्यावरून जाता मा अजून? मग बरा.”