‘वॉरंट कॉल’ला मराठीत काय म्हणावं?

(नागपूरकरांच्या गप्पा; बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या वस्त्यांवरून.)

धंतोलीकर: माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. तिच्याकडे तिथल्या एका कंपनीचे ५०० वॉरंट आहेत. गेल्या आठवड्यात ब्रोकरची मेल आली की कंपनीने ते ‘कॉल’ केलेत. आईने विचारलं, म्हणजे काय? मी म्हणालो, ‘कंपनी वॉरंट परत बोलावते आहे.’ आई फोनवर बहिणीला सांगून मोकळी: ‘देऊन टाक, पैसे परत मिळतीलच.’

मिळतो वॉरंटमागे एक सेंट. ५०० चे ५ डॉलर! वॉरंट म्हणजे ११.५० डॉलरला एक शेअर घ्यायचा हक्क, आणि शेअर आज १९ वर आहे. कॉलनंतरच्या ३० दिवसांच्या मुदतीत ५,७५० डॉलर भरून शेअर घेतले, तर आजच्या भावाने ३,७५० चा फायदा. भरायला पैसे नसतील तर वॉरंटच बाजारात विकता येतात. काहीच केलं नाही तर ते ५. माझ्या ‘परत बोलावते’ने एवढा घोळ झाला. नेमका शब्द हवा आहे.

महालकर: वॉरंट म्हणजे अधिपत्र, आणि हा कॉल म्हणजे विमोचन. शब्द तयार आहेत, आपण वापरत नाही म्हणून ते परके वाटतात.

इतवारीवाला: ताई, नागपुरात विमोचन म्हटलं की हिंदी पेपरातलं पुस्तकाचं विमोचनच आठवतं. काकूंना काय कळणार? आपल्याकडे प्रवर्तक, म्हणजे कंपनीचे प्रमोटर, वॉरंट घेतात तेव्हा २५ टक्के आधी भरतात, बाकीचे १८ महिन्यांत. नाही भरले तर आधीचे जप्त. हा सरळ इसार आहे! आजोबांच्या वहीत ‘इसार बुडाला’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

धंतोलीकर: वॉरंटपुरतं पटतं. पण मी कॉलचं विचारतोय. मुदत संपायच्या आधीच कंपनी ‘आता काय ते ठरवा’ म्हणते, त्याला काय म्हणू?

सिव्हिल लाइन्स: पुकारा. बावीस वर्षं कोर्टात कारकुनी केली. पट्टेवाला दाराशी येऊन नाव पुकारतो. पक्षकार खाली चहा पीत बसला असेल, तर वर प्रकरण निकाली निघालेलं असतं. हक्क होता, पण हजर नव्हता. इथेही तेच. आणि हा पुकारा शेअर वर गेल्यावरच होतो. अशा वॉरंटांत बहुधा अट असते की बाजाराच्या ३० पैकी २० दिवस भाव १८ च्या वर हवा. मग लोक पैसे भरतात, कंपनीकडे रोकड येते, नवे शेअर निघतात आणि जुन्या भागधारकांचा वाटा पातळ होतो.

महालकर: पुकारा हिंदी आहे.

सिव्हिल लाइन्स: संप पुकारतो, बंद पुकारतो, तेव्हा तो हिंदी नसतो का?

कळमना: आमच्या बाजार यार्डात पुकारा म्हणजे लिलावाची बोली. ‘वॉरंटचा पुकारा झाला’ म्हटलं तर मी समजेन की भाव लागला. दुसरं असं, अंशतः भरलेल्या शेअरचे उरलेले पैसे कंपनी मागते, तोही कॉलच. रिलायन्सचा २०२० चा हक्कभाग (राइट्स इश्यू) आठवा: शेअरमागे १,२५७ रुपयांपैकी ३१४.२५ अर्जासोबत, बाकीचे २०२१ मध्ये दोन कॉलमध्ये. तिथे पुकारा कसा चालेल?

इतवारीवाला: तिथे हप्ता. सगळे कॉल एकाच शब्दात काऊन कोंबायचे, भाऊ?

महालकर: कारण परिभाषा एकच असावी लागते! आणि वॉरंटचं मूळ बघा, गॅरंटीचा तो सख्खा भाऊ आहे. म्हणून ‘हमीपत्र’सुद्धा चालेल.

सिव्हिल लाइन्स: नका हो! हमीपत्र ऐकून काकू मुदत सोडून निवांत बसतील.

धंतोलीकर: आईला ‘पुकारा’ लगेच कळला. म्हणाली, ‘मग हजर राहा म्हणावं तिला.’ बहीण निम्मे विकून उरलेल्यांचे शेअर घेणार आहे. पण आमच्या भिशीतल्या मंडळींसाठी टिपण लिहायचंय, त्यात ‘पुकारा’ शोभेल का?

कळमना: ते नंतर बघू. इतवारीवाले, इसार की विसार? आमच्या काटोलकडे संत्र्याची बाग झाडावरच विकतात, तेव्हा देतात तो बयाणा. इसार फक्त जमिनीचा.

इतवारीवाला: चूक. बयाणा तोंडी, इसार पावतीवर.

महालकर: बयाणा मराठी नाहीच.