उत्तर: कंपनीच्या डब्यातला पार्ट ओरिजिनलच का?

जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत पार्ट ओरिजिनल आहेत का ते बघून गुण देतात. तिथे गुण गेलेल्या एकाने विचारलंय, ‘कंपनीच्या डब्यातला पार्ट आहे, मग गुण का कापले?’ डबा कंपनीचा असला तरी सुटा पार्ट बऱ्याचदा गाडीनंतर काही वर्षांनी बनलेला असतो. परीक्षक टॉर्च घेऊन आधी तारीखच शोधतात. जुन्या शेवरलेच्या इंजिन ब्लॉकवर ‘सी १४ ७’ असं ओतीव असेल तर ती १४ मार्च, कारण सी हे तिसरं अक्षर म्हणजे तिसरा महिना. साठच्या दशकातल्या गाडीत शेवटचा ७ म्हणजे १९६७. गाडी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बनलेली असेल तर तो ब्लॉक तिचा नव्हेच! काचेवरचे कोडही असेच चुगली करतात. टायर, बेल्ट, होजला मात्र माझ्या मते सूट हवी. साठ वर्षांच्या रबरावर गाडी पळवायची म्हणजे जिवाशी खेळ. नवा पार्ट लावलात तर फॉर्मवर तसं लिहा. लपवलेलं सापडलं की परीक्षक बाकीची गाडीही संशयाने बघतो.