अनावर रागासाठी गट-उपचार: सांगलीसारख्या शहरात चालेल का?

समुपदेशक_विश्रामबाग
दारू सोडवायला गट चालतात, लोक जातातही. मग रागाच्या भरात मोबाइल आपटणाऱ्या, भरलं ताट भिरकावणाऱ्यांसाठी का नकोत? असे भडके वारंवार उडत असतील तर मानसोपचारात त्याला इंटरमिटंट एक्सप्लोझिव्ह डिसऑर्डर म्हणतात. २००८ साली अमेरिकेत ४५ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांच्या उपचारानं, गटात घेतलेल्यांचा आणि एकेकट्यानं घेतलेल्यांचा, दोघांचाही राग प्रतीक्षा यादीतल्या, म्हणजे अजून उपचार न मिळालेल्या लोकांपेक्षा कमी झाला. एका समुपदेशकाच्या वेळात आठजण बसतील, खर्चही वाटला जाईल. सांगलीत हे व्हायलाच हवं.

गणपती_पेठ
अभ्यासात गटाला १५ माणसं, तीही अमेरिकेतली. इथं मार्केट यार्डात एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत पेठभर होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्ततेचं बंधन डॉक्टरांवर आहे, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यावर नाही. उद्या पोरीचं स्थळ बघताना हेच पुढं येणार. एकेकट्यानं घ्या ना उपचार.

समुपदेशक_विश्रामबाग
सांगलीकरांचा गट मिरजेत घ्यावा, मिरजकरांचा सांगलीत. एवढ्यानं भीती पूर्ण जाणार नाही, मान्य. पण गटात जे होतं ते माझ्या एकटीच्या खोलीत होत नाही. एखादा म्हणतो, "ती उलट बोलली म्हणून हात उठला." मी त्याला अडवलं तर मी शिकलेली बाई. तसाच हात उठवलेला दुसरा जेव्हा विचारतो, "मालक उलट बोलतो तेव्हा का उठत नाही रे?", तेव्हा त्याच्याकडं उत्तर नसतं. कान तापले, जबडा आवळला की "अर्ध्या तासात येतो" असं सांगून बाहेर पडायचं, याचा सरावही एकमेकांसमोर होतो.

पैलवान_गल्ली
त्यापेक्षा तालमीत बॅग ठोका, राग उतरतो.

समुपदेशक_विश्रामबाग
उलट चढतो. २००२ साली अमेरिकेत हा प्रयोग झालाय. ज्यानं चिडवलं त्याला आठवत बॅग ठोकणारे गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले.

तासगावची_लेक
मालकाचा प्रश्न काढलात म्हणून बोलते. साहेबापुढं हात जोडून उभा राहणारा घरी येऊन बायकोला मारतो, त्याचा राग अनावर कसला? बरोबर माणूस निवडून काढलेला राग आहे तो. असल्याला आजाराचं नाव दिलंत की सासरचे म्हणणार, "आजारी आहे गं, सांभाळून घे." त्याच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे. खुर्च्यांचं रिंगण नको.

समुपदेशक_विश्रामबाग
दारूच्या अमलाखालचा भडका या निदानात मोजत नाहीत, आणि ठरवून, धाक बसवायला केलेली मारहाणही नाही. म्हणून गटात घेण्याआधी प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत हवी. घरात मार असेल तर आधी बाईची सुरक्षितता, गट नंतर. पण ज्याला खरंच ताबा राहत नाही त्याला दार बंद करू नका, त्याचीही बायकापोरं त्याच घरात आहेत.

तासगावची_लेक
मग एवढं करा. दर महिन्याला बायकोला एकटीला गाठून विचारा, नवरा घरात नसताना. तो गटात बसून काय सांगतो त्यावर त्याचा राग किती कमी झाला ते ठरवू नका.