परफ्यूम मला येईना, शेजारणीला येतंय!

माई_ठाणे:
लेक फ्रान्समध्ये ल्योंला शिकते. दिवाळीत येताना तिने गेरलँ या फ्रेंच कंपनीचं 'लर ब्लू' परफ्यूम आणलं. मी आयुष्यभर पावडर आणि गजरा यापलीकडे गेले नाही, त्यामुळे बाटली महिनाभर कपाटातच होती.

परवा सकाळी मनगटावर दोनदा मारलं. अगं बाई, बडीशेप आणि लवंग! आईच्या खोकल्याच्या काढ्याची आठवण झाली. धुवूनच टाकणार होते, पण आमटीला फोडणी द्यायची राहिली होती. अर्ध्या तासाने पदर खोचताना एकदम वेगळंच. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालून, पावडर लावून दुपट्यात गुंडाळलं की येतो ना, तसा वास. जरासा बदाम, आणि खाली कुठेतरी मातीतून उपटलेलं गाजर. मी खूश.

साडेदहाला ऑफिसात बघते तर गायब! मनगट नाकाला टेकवलं तरी काही नाही. आणि संध्याकाळी लोकलमध्ये शेजारची मुलगी म्हणते, "काकू, कुठलं लावलंय?" माझ्या नाकात काही बिघाड आहे का? दुपारी पुन्हा मारू?

अत्तराची_पेटी:
माई, पुन्हा अजिबात मारू नका, डब्यातली सगळी मंडळी उतरतील.

नाक ठणठणीत आहे तुमचं. ही आयोनोनची खोड. व्हायोलेटच्या फुलाला ज्याच्यामुळे वास येतो ते हे द्रव्य, १८९३ मध्ये जर्मनीत टीमान आणि क्रूगर यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. नाक त्याला फार लवकर सरावतं आणि दाद द्यायचं बंद करतं. थोडा वेळ मोकळं राहिलं की परत येतो. त्यातून माणसामाणसात फरक. आमच्या घरी बीटा-आयोनोन, म्हणजे त्याचाच एक प्रकार, मला फुलासारखं, बायकोला आंबट. एका जनुकाचा खेळ आहे तो, त्यावरून भांडण नको असं ठरलंय.

तुमचा काढा म्हणजे सुरुवातीची बडीशेप. ती हलकी, लवकर उडते. लवंग जरा रेंगाळते, कारण कार्नेशनच्या फुलाचा वास बांधायला लवंगेतलंच युजेनॉल लागतं. मग हेलिओट्रोपचं फूल, तोच तुमचा बदाम. आणि गाजर बरोबर ओळखलंत! आयरिसच्या कंदाचा वास तसाच. ताज्या कंदाला फारसा वास नसतो, वाळवून वर्षानुवर्षं ठेवला की चढतो. पावडर वाटते ती या सगळ्यांच्या मिसळणीतून, आणि तळाला व्हॅनिला, टोन्का नावाची गोड वासाची बी. ते रात्रीपर्यंत अंगाला चिकटून असतं.

१९१२चं आहे हे, जाक गेरलँनं केलेलं. सूर्य बुडाल्यावर, चांदण्या दिसायच्या आधीच्या निळ्या वेळेचं नाव. त्याला सकाळी सातला फोडणीशेजारी उभं केलंत तुम्ही!

खडूस_सोलापूरकर:
मला असली परफ्यूम म्हणजे आजीच्या ट्रंकेचा वास. लिफ्टमध्ये कोणी लावून आलं की मी जिन्याने जातो. उन्हाळ्यात वाळ्याचं अत्तर लावा, विषय संपला.

अत्तराची_पेटी:
खडूसराव, वाळा मलाही प्रिय आहे. पण आजीच्या ट्रंकेचा वास ही तक्रार कशी काय?

सायली_के:
माई, ठाण्याच्या दमट हवेत गोड तळ फार फुगतो, एकच फवारा पुरे. माझी त्वचा कोरडी, म्हणून आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावते, मग जास्त टिकतं. सुती पदराच्या आतल्या बाजूलाही छान राहतं, दुसऱ्या दिवशीसुद्धा. रेशमावर मात्र नको, डाग पडतो. मी एका पैठणीवर हा धडा शिकले आहे.

माई_ठाणे:
आज एकच फवारा, कोपराच्या आत, तोही स्वयंपाक उरकून. काढा होताच, पण या वेळी वाट बघितली. अकराला गायब. मनगट हुंगत बसले नाही. दीडला डबा उघडायला हात पुढे केला आणि भेंडीच्या भाजीवरून बाळाची पावडर आली! लेकीला लगेच कळवलं. ती म्हणते, "आई, आता माझ्यासाठी ठेव थोडं."

आता एक सांगा, खडूसराव, वाळ्याचं अत्तर सोलापुरात चांगलं कुठे मिळतं?